आठ रियालांचे स्पॅनिश नाणे : संग्राहकाची पेटी आणि इतिहासाचा पुरावा

अमेरिका खंडातील स्पॅनिश साम्राज्यात पाडल्या गेलेल्या आठ रियालांच्या चांदीच्या नाण्याइतके दूरवर पोहोचलेले दुसरे नाणे अर्वाचीन काळाच्या आरंभी क्वचितच आढळेल. मेक्सिको, लिमा आणि पोतोसी येथील टाकसाळींतून निघालेले हे नाणे सेव्हिल, लिस्बन, अॅमस्टरडॅम, मोखा, सुरत, गोवे, मनिला आणि कँटन येथील सराफांच्या हातून गेले. आज ते जगभरच्या नाणेसंग्राहकांच्या विशेष आवडीचा विषय आहे. त्याच्या संग्रहाविषयी पुष्कळ लिहिले गेले असले तरी ते बहुधा दुर्मीळता, किंमत आणि जातिभेद यांपुरते मर्यादित राहिले आहे. प्रस्तुत लेखात एका निराळ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. संग्राहकांच्या पेट्यांत जी नाणी उरली आहेत, त्यांवरून ह्या नाण्याच्या इतिहासाचे खरे चित्र कितपत मिळते, हा तो प्रश्न होय. हिंदुस्थानच्या आणि विशेषतः पश्चिम किनाऱ्याच्या आर्थिक इतिहासाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

१. नाण्याचे मान व घडण

इ. स. १४९७ मध्ये फर्डिनंड व इझाबेला यांनी मेदिना देल काम्पो येथे काढलेल्या हुकुमाने स्पेनच्या चलनाची नव्याने आखणी झाली. एका मार्क वजनाच्या, म्हणजे सुमारे २३० ग्रॅम चांदीतून ६७ रियाल पाडावेत असे ठरले. ह्या चांदीचा कस हजारी सुमारे ९३०·६ इतका होता. ह्या हिशेबाने आठ रियालांच्या नाण्याचे वजन सुमारे २७·४७ ग्रॅम आणि त्यातील शुद्ध चांदी सुमारे २५·५६ ग्रॅम भरते. हे मान इ. स. १७२८ पर्यंत कायद्याने टिकून राहिले. त्या वर्षी वजन सुमारे २७·०६ ग्रॅमवर आणि कस ९१६·७ वर आणण्यात आला. पुढे १७७२ मध्ये व पुन्हा १७८६ मध्ये कस गुप्तपणे आणखी उतरविण्यात आला. तरीही नाणे आपल्या नावावर खपत राहिले, यावरून त्याने मिळविलेल्या विश्वासाची कल्पना येईल.

बाह्य स्वरूपावरून ह्या नाण्यांचे तीन मुख्य वर्ग पडतात. पहिला वर्ग हातोड्याने ठोकलेल्या वेड्यावाकड्या नाण्यांचा. चांदीच्या पट्टीचे तुकडे कापून, त्यांचे कोपरे छाटून वजन जुळवीत आणि मग ठसा मारीत. त्यामुळे अशा नाण्यावर संपूर्ण लेख क्वचितच उमटलेला दिसतो. दुसरा वर्ग इ. स. १७३२ पासून मेक्सिको येथे यंत्राने पाडलेल्या स्तंभांकित नाण्यांचा. त्यांवर समुद्राच्या लाटांवर उभे असलेले हर्क्युलिसचे दोन स्तंभ, त्यांच्यामध्ये पृथ्वीचे दोन गोलार्ध आणि ‘उत्राक्वे ऊनुम्’, म्हणजे ‘दोन्ही एकच’, असा लॅटिन लेख आहे. तिसरा वर्ग १७७२ पासूनच्या राजमुखांकित नाण्यांचा. ह्या दोन्ही यांत्रिक वर्गांतील नाण्यांच्या कडेवर नक्षी आहे. कड कातरून चांदी चोरण्याच्या जुन्या उद्योगास आळा घालणे हा तिचा हेतू होता.

राजाचे नाव, टाकसाळीचे चिन्ह आणि कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे ही नाण्यावरील तीन प्रमुख साक्षीची अंगे होत. त्यांच्यातील मेळावरून कधी कधी राजकीय घटनांचा प्रत्यय येतो. तिसरा चार्ल्स डिसेंबर १७८८ मध्ये मरण पावला. वार्ता महासागर ओलांडून मेक्सिकोत पोहोचली, तरी नव्या राजाच्या मुखाचा नमुना येण्यास अवकाश होता. म्हणून १७८९ व १७९० ह्या वर्षांच्या काही नाण्यांवर नाव चौथ्या चार्ल्सचे आणि मुख तिसऱ्याचे आढळते. सातव्या फर्डिनंडच्या बाबतीत तर १८०८ नंतरच्या धामधुमीत मेक्सिकोच्या कारागिरांनी कल्पनेनेच राजाचे मुख कोरले.

२. खाण आणि टाकसाळ

मेक्सिकोच्या टाकसाळीची स्थापना इ. स. १५३५ च्या राजाज्ञेने झाली व पुढील वर्षी तेथे नाणी पडू लागली. पोतोसीचा रौप्यपर्वत १५४५ मध्ये आणि मेक्सिकोतील झाकातेकासची खाण १५४६ मध्ये स्पॅनिशांच्या हाती आली. परंतु केवळ खाणी सापडल्याने चांदीचा पूर आला नाही. समृद्ध धातुकाचे वरचे थर लवकरच संपले आणि हलक्या प्रतीच्या धातुकातून चांदी काढण्याचा प्रश्न उभा राहिला. तो पारदमिश्रणाच्या पद्धतीने सुटला. बार्तोलोमे दे मेदिना याने १५५४ च्या सुमारास मेक्सिकोतील पाचुका येथे ती प्रचारात आणली. दळलेल्या धातुकात पारा व मीठ मिसळून ते मिश्रण फरसबंद अंगणात आठवडेच्या आठवडे तुडवीत. चांदी पाऱ्याशी एकजीव झाली की उष्णतेने पारा उडवून ती वेगळी करीत. पेरूमधील वानकावेलिका येथे पाऱ्याची खाण सापडल्यावर पोतोसीलाही ही पद्धत साधली.

पोतोसी हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर आहे. तेथील मजुरीची व्यवस्था राजप्रतिनिधी फ्रान्सिस्को दे तोलेदो याने इ. स. १५७३ च्या सुमारास बांधून दिली. ‘मिता’ नावाच्या ह्या वेठीत आसपासच्या विस्तीर्ण प्रदेशातील इंडियन गावांनी दरवर्षी आपल्या पुरुषांचा ठरावीक हिस्सा खाणीवर धाडावयाचा असे. दरसालच्या अशा वेठबिगाऱ्यांची संख्या आरंभी तेरा-चौदा हजार होती. खाणीतील धूळ, पाऱ्याची वाफ आणि थंडी यांनी त्यांतील अनेकांचे बळी घेतले. नाण्याच्या एका बाजूस राजाचे नाव आणि दुसऱ्या बाजूस क्रूस असला, तरी ज्यांच्या श्रमाने ते घडले त्यांची कोणतीही खूण त्यावर नाही. ही गोष्ट अभ्यासकाने विसरता कामा नये.

पोतोसीच्या टाकसाळीने ह्या नाण्याच्या कीर्तीला एकदा मोठा धक्काही दिला. इ. स. १६४९ मध्ये तेथील चौकशीत असे उघड झाले की, चांदीचे व्यापारी आणि टाकसाळीचे अधिकारी यांनी संगनमताने नाण्यात तांबे भरले होते. धनाढ्य व्यापारी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा यास १६५० मध्ये देहान्त शिक्षा झाली. हीन नाण्यांवर राजमुकुटाचे लहान ठसे मारून ती उतरत्या दराने चालविण्यात आली आणि १६५२ मध्ये स्तंभ व लाटा यांची नवी छाप सुरू झाली. एका दूरस्थ पर्वतावरील लबाडीची झळ युरोप आणि आशियातील बाजारपेठांपर्यंत पोहोचली. पेरूच्या नाण्याकडे व्यापारी दीर्घकाळ संशयाने पाहत राहिले.

३. पूर्वेकडील ओढ

ही चांदी पूर्वेकडे का वाहिली याचे उत्तर मागणीत आहे. मिंग राजवटीतील चीनने सोळाव्या शतकात हळूहळू आपले कर चांदीत घेण्यास आरंभ केला व १५८१ च्या सुधारणेने ही रीत सर्वत्र पक्की झाली. त्या काळी चीनमध्ये सोन्याच्या एका भागास चांदीचे सहा-सात भाग मिळत, तर स्पेनमध्ये बाराच्या आसपास. म्हणजे चांदी चीनमध्ये नेणे हाच एक फायद्याचा व्यापार होता. इ. स. १५७१ मध्ये मनिला वसल्यानंतर आकापुल्को ते मनिला अशी जहाजांची वार्षिक वाहतूक स्थिरावली आणि ती १८१५ पर्यंत चालली.

दुसरा प्रवाह युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून येई. लिस्बनची जहाजे रियाल घेऊन गोव्यास येत. डच प्रवासी लिन्सखोटेन हा इ. स. १५८३ ते १५८८ ह्या काळात गोव्यात राहिला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, चीनकडे जहाजे निघण्याच्या एप्रिल महिन्यात गोव्याच्या बाजारात रियालांची मागणी चढे आणि साठवून ठेवलेल्या नाण्यांवर शेकडा पंचवीस-तीस नफा मिळे. याचा अर्थ असा की, गोव्याच्या बाजारात रियाल हे केवळ चलन नव्हते; ऋतुमानाप्रमाणे ज्याचा भाव चढतो-उतरतो असा तो एक माल होता.

इंग्रजांचा अनुभव तर विशेष बोधप्रद आहे. पूर्वेकडील पहिल्या सफरीसाठी राणी एलिझाबेथने इ. स. १६००-१६०१ मध्ये लंडनच्या टाकसाळीत खास नाणी पाडविली. किल्ल्याच्या दरवाजावरील सरकत्या लोखंडी जाळीचे चित्र त्यांवर होते आणि त्यांचे वजन स्पॅनिश नाण्याशी मुद्दाम जुळविलेले होते. स्पेनच्या राजाइतकीच इंग्लंडच्या राणीची सत्ताही पूर्वेस ज्ञात व्हावी हा हेतू होता. परंतु पूर्वेकडील व्यापाऱ्यांना हे नाणे अपरिचित होते आणि त्यांनी ते सहज स्वीकारले नाही. कंपनीने मुकाट्याने पुन्हा रियाल नेण्यास सुरुवात केली. चांदी तीच, वजन तेच. उणीव होती ती ओळखीची.

तिसरा प्रवाह तांबड्या समुद्राचा. भूमध्य समुद्रातून लेव्हान्टमार्गे आलेले रियाल मोखा व जेद्दा येथे हिंदी कापडाच्या मोबदल्यात सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडत. इ. स. १६९५ मध्ये ‘गंज-इ-सवाई’ ह्या औरंगजेबाच्या जहाजावर इंग्रज चाच्यांनी घाला घातला. त्यावर मोखा-जेद्दा येथील विक्रीतून आलेले बावन्न लाख रुपयांचे सोनेरुपे होते, असे खाफीखान सांगतो. ह्या व्यापाराची एक खूण भाषेतही उरली आहे. ‘राजाचे’ असा अर्थ असलेल्या ‘रेआल’ ह्या स्पॅनिश शब्दापासून आलेले ‘रियाल’ हे नाव आज इराण, ओमान, येमेन आणि सौदी अरेबिया येथील चलनांस आहे. पोटापाण्यासाठी आखातात गेलेल्या मराठी माणसाच्या तोंडी ते नित्याचे झाले आहे.

४. हिंदुस्थानातील रूपांतर

चीन आणि हिंदुस्थान ह्या दोन्ही देशांत हे नाणे आले, परंतु दोहोंकडील त्याची गती अगदी भिन्न झाली. चीनमध्ये ते पुढे नाणे म्हणूनच चालले. सराफ व दुकानदार त्यावर आपापल्या खुणांचे लहान ठसे मारीत आणि हातोहात फिरता फिरता काही नाणी अशा ठशांनी भरून जात. चार्ल्स राजांच्या नावाच्या नाण्यांना तर शांघायच्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अधिमूल्य मिळे. वास्तविक १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर स्पॅनिश राजाच्या नावाची नाणी पडणे तेथे बंदच झाले होते.

मोगली अंमलाखालील हिंदुस्थानात मात्र परकी नाणे सामान्यतः बाजारात चालत नसे. ज्यास चांदी आणावयाची असेल त्याने ती टाकसाळीत न्यावी, कस तपासून घ्यावा, ठरावीक आकार भरावा आणि रुपये घेऊन जावे, अशी व्यवस्था होती. ‘आईन-इ-अकबरी’त टाकसाळीतील दारोगा, सराफ, अमीन आदी अधिकाऱ्यांची आणि शुद्धीकरणाच्या क्रियांची तपशीलवार माहिती दिली आहे. शिवाय रुपयावर वर्ष कोरलेले असे आणि जुन्या सालाच्या रुपयास बट्टा बसे. जेथे स्वदेशी जुन्या नाण्यासही बट्टा, तेथे परकी नाणे आहे तसे राहणे अशक्यच होते. आठ रियालांचे नाणे सुरतेस उतरले की त्याची वाट थेट भट्टीकडे जाई.

ह्या व्यवहाराचा हिशेब मांडून पाहता येतो. सतराव्या शतकातील फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हर्निये याने दिलेल्या दरांवरून शंभर नाण्यांस दोनशे दहा-पंधरा रुपयांच्या आसपास मिळत असे दिसते. शंभर पूर्ण वजनाच्या नाण्यांत शुद्ध चांदी सुमारे २,५५६ ग्रॅम. मोगली रुपयात शुद्ध चांदी अकरा ते सव्वाअकरा ग्रॅमच्या घरात धरली, तर ह्या चांदीचे २२७ ते २३२ रुपये व्हावयास पाहिजेत. मधला सुमारे पंधरा-वीस रुपयांचा फरक टाकसाळीचा आकार, गाळणीतील घट, झिजलेल्या व कातरलेल्या नाण्यांची तूट आणि थांबण्याचा खर्च यांत गेला असला पाहिजे. नाणे मोजून नव्हे, तर धातू जोखून घेतला जात होता, हे यावरून स्पष्ट होते.

ही चांदी पुढे कोठे गेली? सुरत व अहमदाबाद येथील रुपयांच्या रूपाने ती गुजरातचे विणकर, नीळ पिकविणारे शेतकरी आणि त्यांच्याकडून सारा घेणारे अधिकारी यांच्याकडे गेली. तेथून सारा, खंडणी आणि व्यापार यांच्या मार्गाने ती देशावर पसरली. मराठी मुलखात चांदवडी, अंकुशी इत्यादी रुपये पुढे चालू झाले. रुपया गाळून पुन्हा रुपया पाडण्याची रीत सर्वत्र होती आणि ह्या प्रदेशात चांदीच्या खाणी नव्हत्या. तेव्हा त्या रुपयांतील धातूचा काही अंश तरी अमेरिकेतील पर्वतांतून आलेला असला पाहिजे, हे अनुमान अवश्य निघते. इ. स. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यावर इंग्रज कंपनीस तेथील खरेदीसाठी युरोपातून चांदी आणण्याचे फारसे कारण उरले नाही आणि बंगालकडे येणारा हा ओघ आटला.

५. जे उरले आणि जे वितळले

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आजच्या संग्रहांत आठ रियालांची नाणी येतात ती मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट बुडालेल्या जहाजांची. इ. स. १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेले ‘आतोचा’ हे जहाज १९८५ मध्ये सापडले आणि पोतोसीची असंख्य नाणी बाजारात आली. दुसरी वाट चीन व आग्नेय आशियातील ठसेदार नाण्यांची. तिसरी वाट अमेरिका, स्पेन आणि इतर युरोपीय देशांत पुरून ठेवलेल्या किंवा जतन झालेल्या धनाची. यांपैकी पहिलीचा विचार करता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. जे नाणे आपल्या ठिकाणी पोहोचले नाही, ते संग्राहकास मिळाले. आणि जे पोहोचून आपले काम करून गेले, ते नाहीसे झाले. हिंदुस्थानात आलेल्या नाण्यांचे तर हे अक्षरशः खरे आहे. एखाद्या उत्तम संग्रहाची यादी वाचून कोणी या नाण्याच्या प्रसाराचा नकाशा काढू लागला, तर त्यात मेक्सिकोचे आखात आणि चीनचा किनारा ठळक दिसतील, परंतु सुरतेच्या जागी जवळजवळ कोरा कागद राहील.

हा कोरेपणा पुराव्याचा अभाव नसून तो स्वतःच एक पुरावा आहे. टाकसाळीची व्यवस्था किती परिणामकारक होती, हे त्यावरून कळते. रियालांचा शोध हिंदुस्थानात रियालांत नव्हे, तर रुपयांत घेतला पाहिजे. ह्या दिशेने काम झालेही आहे. अझीझा हसन यांनी १९६९ मध्ये वस्तुसंग्रहालयांच्या सूचींतील सालवार रुपयांची गणना करून मोगल टाकसाळींच्या उत्पादनाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला. वस्तुसंग्रहालयात दुर्मीळ नाणी अधिक आणि सामान्य नाणी कमी ठेवण्याकडे कल असतो. त्यामुळे अशा सूचींवरील अनुमानास मर्यादा पडतात. म्हणून शिरीन मूसवी यांनी पुढे उत्तर प्रदेशात सापडलेल्या निखातांच्या नोंदींचा आधार घेतला. निखात जसे पुरले तसेच सापडत असल्याने त्यात निवड करणाऱ्याची आवड शिरत नाही. ह्या वादात जे खरे पणास लागले आहे ते असे : अमेरिकेच्या चांदीने हिंदुस्थानातील किमती कितपत वाढल्या आणि वाढलेले चलन कोणाच्या हाती गेले, हे आपण जाणू शकतो की नाही? त्याचे उत्तर अखेर सामान्य, झिजलेल्या, संग्राहकाने नाकारलेल्या रुपयांवर अवलंबून आहे.

६. संग्राहकाचे कर्तव्य

ह्या विवेचनातून संग्राहकासाठी काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला नाण्याच्या खरेपणाविषयी. वजन आणि विशिष्ट गुरुत्व ह्या प्राथमिक कसोट्या होत. राजमुखांकित नाण्याची कड दोन पट्ट्यांमध्ये फिरवून उमटविलेली असल्याने नक्षीचे सांधे समोरासमोर दोन ठिकाणी जुळलेले किंवा एकमेकांवर चढलेले दिसावे लागतात. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्यात ही खूण स्वच्छ उतरत नाही. राजा, साल, टाकसाळ आणि अधिकाऱ्याची आद्याक्षरे यांचा मेळ बसतो की नाही, हेही पाहावे. मात्र सर्वच बनावट नाणी टाकाऊ नव्हेत. नाणे चलनात असताना केलेली नक्कल ही त्याच्या प्रतिष्ठेचीच साक्ष होय.

दुसरा नाण्यावरील इजांविषयी. चिनी ठसे, सराफाची खूण, कसोटीसाठी घेतलेला छेद यांना पूर्वीचे संग्राहक दोष मानीत आणि अशी नाणी स्वस्तात विकली जात. इतिहासाच्या दृष्टीने न फिरलेले चकचकीत नाणे मुके असते; ठसेदार नाणे आपला प्रवास सांगते. न्यू साउथ वेल्समध्ये गव्हर्नर मॅक्वारी याने इ. स. १८१३ मध्ये स्पॅनिश नाण्यांचा मध्यभाग पाडून एकाची दोन नाणी केली. ती भोके पाडलेली नाणी आज मोलाची ठरली आहेत. तीच दृष्टी इतर खुणांकडेही वळली पाहिजे. अशा नाण्यास घासून उजळणे म्हणजे कागदपत्रावरील शाई खरवडण्यासारखे आहे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष प्राप्तिस्थानाविषयी. नाणे कोठे, केव्हा, कोणत्या इतर नाण्यांसमवेत सापडले ही नोंद नाण्याइतकीच मोलाची आहे. निखात फोडून त्यातील नाणी वेगवेगळ्या गिऱ्हाइकांस विकली गेली की धातू शिल्लक राहतो, पण पुरावा नष्ट होतो. आपल्याकडे १८७८ च्या निखात-निधी अधिनियमाने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक केले, आणि १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. कायद्याचा धाक हे नोंदीचे एक कारण झाले. ज्ञानाची निष्ठा हे त्याहून श्रेष्ठ कारण होय. ‘मेर्सेदेस’ ह्या १८०४ मध्ये बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून २००७ मध्ये एका खाजगी कंपनीने सुमारे सहा लाख नाणी वर काढली. न्यायालयीन निर्णयानंतर ती २०१२ मध्ये स्पेनकडे परत गेली व एकत्र राहिली. एवढा मोठा संच विखुरला असता तर त्यातून मिळणारे ज्ञानही विखुरले असते.

अलीकडे धातूतील समस्थानिकांच्या पृथक्करणाने नाण्यातील चांदीचे मूळ शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. स्पेनमधील सोळाव्या ते अठराव्या शतकांतील नाण्यांविषयी असा एक महत्त्वाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी टाकसाळीच्या मुशीत अनेक ठिकाणची चांदी एकत्र होत असल्याने रुपयांच्या बाबतीत हे काम अधिक अवघड आहे. परंतु ज्यांची टाकसाळ, साल आणि प्राप्तिस्थान निश्चित आहे असे रुपये विपुल प्रमाणात उपलब्ध असतील, तरच त्याला हात घालता येईल. असे रुपये आजही महाराष्ट्रातील घराघरांतून, सराफांच्या पेढ्यांवरून आणि देवस्थानांच्या भांडारांतून आहेत आणि मोडीच्या भावाने वितळतही आहेत. सुरतेच्या भट्टीने रियाल गाळले ते राज्यव्यवहाराच्या गरजेने. आज रुपया गाळला जातो तो केवळ अनवधानाने. आणि त्याबरोबर त्याच्या पोटातील पोतोसी व झाकातेकासची शेवटची खूणही जाते. आठ रियालांच्या सुंदर नाण्याचा जो खरा चाहता असेल, त्याने आपल्या पेटीशेजारी ह्या साध्या रुपयांसाठीही एक खण राखून ठेवावा आणि प्रत्येकाबरोबर त्याच्या गावाचे नाव लिहून ठेवावे.